रेव्हिटच्या प्लॅनमध्ये वरची कपाटं तुटक रेषेत कशी दाखवायची

रेव्हिट या इमारतींचं थ्रीडी मॉडेल आणि नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये किचनच्या प्लॅनमध्ये ओट्याखालची कपाटं नीट उमटतात. घोळ होतो तो भिंतीवर टांगलेल्या वरच्या कपाटांचा. ती एकतर दिसतच नाहीत, नाहीतर अखंड रेषेत उमटून खालचं सिंक झाकून टाकतात. आपल्याला हवं असतं तिसरंच: खालचं सगळं स्पष्ट दिसावं आणि त्यावर वरच्या कपाटांची नुसती तुटक रेषेतली चौकट यावी.

पहिल्यांदा सगळ्यांचाच हात कट प्लेनकडे जातो. प्लॅन म्हणजे ठरावीक उंचीवर घेतलेला आडवा छेद, आणि रेव्हिटच्या मेट्रिक टेम्पलेटमध्ये ही उंची सहसा १२०० मिमी असते. वरच्या कपाटाचा तळ साधारण १३५० ते १५०० मिमीवर असतो, म्हणजे छेदाच्या वरच. मग कट प्लेन १५०० वर नेली की कपाट दिसेल, असं वाटतं. दिसतंही. पण त्याबरोबर सगळ्या मजल्याचा छेद वर सरकतो, ज्या खिडक्या कापल्या जायच्या त्यातल्या काही कापल्या जात नाहीत, आणि कपाट तरीही तुटक रेषेत येत नाहीच. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असला हा प्रकार. कट प्लेन होती तिथेच राहू द्या. दुरुस्ती करायची ती कपाटाच्या फॅमिलीत, म्हणजे त्या वस्तूच्या मूळ नमुन्याच्या फाइलमध्ये.

आधी कॅटेगरी बघा

रेव्हिटमधली प्रत्येक वस्तू एखाद्या कॅटेगरीत, म्हणजे प्रकारात, मोडते; आणि व्ह्यू रेंज म्हणजे प्लॅनमध्ये किती उंचीपर्यंतचं बघायचं ती मर्यादा. कट प्लेनच्या वर पण व्ह्यू रेंजच्या टॉपच्या खाली असलेल्या वस्तू रेव्हिट प्लॅनमध्ये दाखवत नाही. याला तीन अपवाद आहेत: खिडक्या, केसवर्क (पक्की बसवलेली कपाटं वगैरे) आणि जेनेरिक मॉडेल. या तीन कॅटेगरींतल्या वस्तू वरून पाहिल्यासारख्या, प्रोजेक्शनच्या रेषेत दिसतात. म्हणून कपाट केसवर्कमध्ये असेल तर निम्मं काम झालेलंच असतं. कुठूनतरी डाउनलोड केलेलं कपाट मात्र बरेचदा फर्निचर किंवा स्पेशालिटी इक्विपमेंटमध्ये असतं आणि म्हणूनच ते प्लॅनमध्ये उमटत नाही. फॅमिली उघडून फॅमिली कॅटेगरी अँड पॅरामीटर्समध्ये जाऊन केसवर्क निवडा. मग ते कपाट शेड्यूलमध्येही, म्हणजे वस्तूंच्या यादीतही, केसवर्कखाली जाईल. बहुतेक वेळा तेच योग्य असतं.

कॅटेगरी बदलणं शक्यच नसेल तर एक जुनी युक्ती आहे. फॅमिलीत कपाटाच्या तळापासून खाली, कट प्लेनच्याही खाली जाईल अशी एक उभी मॉडेल लाइन काढा आणि तिला इनव्हिजिबल लाइन्स ही सबकॅटेगरी द्या. रेषा कागदावर दिसत नाही, पण छेद तिला लागतो आणि सगळी फॅमिली प्लॅनमध्ये येते.

व्ह्यू रेंजचा टॉपही तपासा. तो २३०० असेल आणि छताला लागून असलेल्या कपाटांच्या रांगेचा तळ २३५० वर असेल, तर ती रांग दिसणार नाही. टॉप कपाटाच्या तळाच्या वर न्या. व्ह्यू रेंजवर क्लिकच होत नसेल तर व्ह्यू टेम्पलेटने (व्ह्यूला लावलेल्या तयार सेटिंग्जच्या संचाने) ती अडवलेली असते. अशा वेळी बदल टेम्पलेटमध्ये करा.

आता फॅमिलीतलं काम

१. कपाट निवडून एडिट फॅमिली दाबा आणि रेफ. लेव्हलचा प्लॅन उघडा.

२. खोका, दारं, हँडल असे सगळे घनाकार निवडा. व्हिजिबिलिटी सेटिंग्जमध्ये प्लॅन/आरसीपीची (आरसीपी म्हणजे छताचा प्लॅन) खूण काढून टाका. त्याच्याच खाली प्लॅनमध्ये कापलं गेल्यावर दाखवण्याची एक खूण असते, तीही काढून टाका. दार ही आत बसवलेली वेगळी फॅमिली असेल तर तिलाही हेच करा, नाहीतर कपाट अदृश्य आणि हँडल हवेत असा प्लॅन मिळतो. फॅमिली एडिटरमध्ये हे आकार लपत नाहीत, फक्त फिके होतात. प्रोजेक्टमध्ये कसं दिसेल ते बघायला खालच्या पट्टीतलं प्रिव्ह्यू व्हिजिबिलिटी चालू करा.

३. मॅनेज टॅबमधून ऑब्जेक्ट स्टाइल्स उघडा, केसवर्कखाली नवी सबकॅटेगरी करा, तिला बारीक वजन आणि तुटक लाइन पॅटर्न द्या. नाव विचारपूर्वक ठेवा आणि वरच्या प्रत्येक कपाटात तेच वापरा. त्या नावाची सबकॅटेगरी प्रोजेक्टमध्ये आधीच असेल तर चालते ती प्रोजेक्टमधली सेटिंग. म्हणजे पुढे सगळ्या कपाटांची रेषा एका ठिकाणाहून बदलता येते, आणि ज्या प्लॅनमध्ये नको तिथे ती बंदही करता येते.

४. अॅनोटेट टॅबमधून सिम्बॉलिक लाइन (थ्रीडीत न येणारी, फक्त नकाशापुरती रेषा) घ्या, ही सबकॅटेगरी निवडा आणि कपाटाची बाह्यरेषा काढा. चारही रेषा रेफरन्स प्लेनला, म्हणजे कपाटाची मापं ठरवणाऱ्या मार्गदर्शक रेषांना, लॉक करा. हा टप्पा गाळला तर ६०० रुंदीचं कपाट ९०० केल्यावर खोका वाढतो आणि तुटक चौकट मात्र ६०० चीच राहते. थ्रीडीमध्ये काही कळत नाही, घोळ कागदावर सापडतो. सिम्बॉलिक लाइन्सच्या व्हिजिबिलिटी सेटिंग्जमध्ये ‘कापलं गेलं तरच दाखवा’ अशी खूण असते, ती रिकामी हवी.

५. फॅमिली प्रोजेक्टमध्ये लोड करा. रेव्हिट विचारेल तेव्हा नुसतं ओव्हरराइट निवडा. पॅरामीटरच्या किमतींसह ओव्हरराइट केलं तर प्रोजेक्टमध्ये बदललेली मापं पुसली जातात.

सिम्बॉलिक रेषा फक्त ज्या दिशेच्या व्ह्यूमध्ये काढल्या त्याच्याशी समांतर व्ह्यूमध्ये दिसतात. त्यामुळे कपाट फेस-बेस्ड, म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर चिकटवायचं, असेल तर गणित फिरतं: तिथे भिंतीचा पृष्ठभाग हीच रेफ. लेव्हल असते. भिंतीवर बसल्यावर कपाटाची जी बाजू वर येणार, त्या बाजूच्या एलिव्हेशनमध्ये चौकट काढा.

एकाच शीटवर एकदाच दाखवायचं असेल तर इतका खटाटोप नको. कपाट अखंड रेषेत दिसत असेल तर मॉडिफाय टॅबमधलं लाइनवर्क घ्या, ओव्हरहेड ही लाइन स्टाइल निवडा आणि कडांवर क्लिक करा. पण हे त्या एका व्ह्यूपुरतंच, दुसऱ्या प्लॅनमध्ये पुन्हा सगळं क्लिक करत बसावं लागतं.

तुटक रेषा अखंड दिसतेय?

सगळं बरोबर करूनही कपाटाच्या आखूड बाजू अखंड दिसतात, तेव्हा दोष पॅटर्नच्या मापाचा असतो. रेव्हिटमध्ये लाइन पॅटर्नची मापं कागदावरची असतात. ३०० मिमी खोल कपाट १:१०० ला कागदावर ३ मिमी होतं. पॅटर्नमधला डॅश ३ मिमीचा असेल तर ती अख्खी बाजू एकाच डॅशमध्ये संपते. डॅश १ मिमी आणि मधली जागा १ मिमीच्या जरा आत ठेवा. १:५० लाही हाच पॅटर्न चालतो. पडद्यावर झूम करून ठरवू नका, शीटची एक प्रिंट काढून बघा.