मुलीचं नाव, त्यामागे आईचं, मग बाबाचं: जुळवायचं कसं?

तिकडे अमेरिकेत वगैरे मधलं नाव आईबाप हौसेने निवडतात, आपल्याकडे तो प्रश्नच नाही कारण ते मुलगी जन्मायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं, बाबाचं नाव. म्हणजे आपलं काम उलटं, मधलं नाव फिक्स धरायचं आणि त्याला शोभेल असं पहिलं नाव शोधायचं. पण लोक काय करतात, नेटवरून नुसती पहिली नावं काढत बसतात, कियारा की अन्विका यावर दोन घरांत महायुद्ध होतं, आणि पूर्ण नाव मोठ्याने कुणी म्हणूनच बघत नाही. ते पहिल्यांदा कानावर पडतं थेट शाळेच्या हजेरीत. आमच्या घरात आत्या मी, कानात कुर्र करायचा मान माझा आणि पाठीत धपाटेही मलाच, त्यामुळे यावर बोलायचा हक्क मी घेतलेला आहे.

आधी सरकारी भाग उरकून टाकू. महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही लावायचं असा सरकारचा निर्णय आहे आणि क्रम असा, बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. फडणवीसांच्या २०२४ च्या शपथविधीत 'देवेंद्र सरिता गंगाधरराव' ऐकलं असेल, तेच. म्हणजे आता जोडी एकाशी नाही, दोघांशी जुळवायचीये, आणि पहिल्या नावाला सगळ्यात चिकटून आईचं नाव येणार. हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच नसतं, बाबाच्या नावाशी जुळवून बसतात आणि दाखल्यावर होतं 'रिया प्रिया सचिन अमुक'. रिया प्रिया म्हणजे जुळ्या बहिणींना हाका मारल्यासारखं. अन्विता सुनीता पण तसंच. आईच्या नावाचा शेवट 'ता' असेल तर मुलीला 'ता'वाली नावं सरळ लिस्टमधून उडवा.

आता खरा मुद्दा, कानाला कसं लागतं. मुलींची बहुतेक नावं आ किंवा ई वर संपतात आणि पुढचं नाव स्वरानेच सुरू झालं की दोन्ही एकमेकांत घुसतात. मीरा आनंद भरभर म्हणा, मीरानंद झालं, कुठल्या तरी स्वामींचं नाव वाटतं. ऋचा अमोलचं ऋचामोल. बाबा अजय, अमोल, आनंद, अक्षय यापैकी असेल (आणि असतोच, त्या काळात दुसरी नावं ठेवतच नव्हते की काय) आणि एरवी बोलताना आईचं नाव मध्ये घालणार नसाल, तर ई वर संपणारं नाव घ्या, मैथिली अमोल, शर्वरी आनंद, इथे जीभ अडकत नाही. दुसरी गंमत म्हणजे शेवटचं आणि पुढचं अक्षर एकच येणं, मानसी सिद्धार्थ, आभा भालचंद्र. भा भा. शाळेत पोरं सोडणार नाहीत.

लांबी पण बघा. आडनाव लेले, जोशी, कदम असं छोटं आणि बाबाही छोटा असेल तर पहिलं नाव जरा ऐसपैस चालतं, 'रमा अजय लेले' टेलिग्रामसारखं वाटतं, 'अनुराधा अजय लेले' कसं भरलेलं वाटतं. उलट बाबा ज्ञानेश्वर आणि आडनाव देशपांडे असेल तर ईशा, सई, रमा यावर भागवा. लता दीनानाथ मंगेशकर म्हणून बघा, दोन हलकी अक्षरं आणि मग पुढे नाव पसरत जातं. स्मृती श्रीनिवास मंधाना बघा, एकाच अक्षराने सुरू होणारी नावं चांगलीच असतात असं नाही पण इथे स आणि श एकमेकांना धरून चालतात, शिवाय पहिलं छोटं मधलं मोठं. जोडाक्षरांचं मात्र रेशनिंग करा हं, तृष्णा प्रद्युम्न क्षीरसागर असं नाव ठेवलंत तर पोरीला स्वतःचं नाव सांगायला इयत्ता तिसरी उजाडेल.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग, जो कुणीच बघत नाही. अर्थाची जोडी. आपल्याकडे बाईच्या नावापुढचं नाव ऐकलं की ऐकणाऱ्याला ते बाबाचं की नवऱ्याचं कळायला मार्ग नसतो, लग्नानंतर मधलं नाव बदलायची पद्धत आहे ना. मग बाबा महेश आणि मुलगी उमा ठेवलीत तर उमामहेश जोडपं झालं की हो! जानकी श्रीराम, गौरी शंकर, रुक्मिणी विठ्ठल, सगळे नवरा-बायको. हे तर पटकन कळतात, पण उषा अनिरुद्ध, रोहिणी चंद्रकांत हे पण तेच, अनिरुद्धाची बायको उषा आणि चंद्राची लाडकी रोहिणी. कुणी म्हणेल काय एवढा कीस पाडायचा, देवाची नावं आहेत, ठेवा की. ठेवा, पण बारशाला एखादी चुलत आजी हमखास बोलून दाखवणार आणि मग दिवसभर तोच विषय.

त्यापेक्षा बाप-लेकीच्या जोड्या शोधा, फार सुंदर मिळतात. बाबा विराट असेल तर उत्तरा, विराट राजाची मुलगी. बाबा भास्कर, रवी, दिनकर, सूर्यकांत काहीही सूर्याचं असेल तर यमुना किंवा कालिंदी, ती सूर्याची लेक. शंकर, महेश, गिरीश असेल तर रेवा, म्हणजे नर्मदा, तिला शंकराची कन्या मानतात. दशरथ नाव आता फारसं नसतं पण आजोबांचं असेल तर शांता लक्षात ठेवा, दशरथाची मुलगी, रामाची थोरली बहीण. माझं मत विचाराल तर रेवा महेश हे उमा महेशपेक्षा शंभर पटीने छान आणि छोटं पण.

नावरस अक्षर, म्हणजे जन्मनक्षत्रावरून येणारं नावाचं पहिलं अक्षर, बघणाऱ्यांनी बघावं, रोहिणी नक्षत्राला ओ वा वी वू येतात तिथे वैतागायला होत नाही, पण आर्द्रेचा तिसरा चरण आला तर अक्षर येतं ङ, आता ङ वरून नाव सांगा बघू. तेव्हा जन्मनाव पत्रिकेत ठेवा आणि कागदावर जुळणारं ठेवा, बरीच घरं हेच करतात. जे परदेशात आहेत आणि ज्यांना फॉर्मवर मधल्या नावाची खरंच मोकळीक आहे त्यांनी आजीचं नाव घ्या ना, मीरा सुमती किती गोड वाटतं, आणि जन्मनावही तिथे बसतं.

आद्याक्षरं इंग्रजी आणि मराठी दोन्हीत लिहून बघा. सोनल अशोक डोंगरे म्हणजे एस ए डी, सॅड. माधवी करण डहाणूकर मराठीत मा. क. ड. हे हसण्यावारी नेऊ नका, वर्गातली पोरं आपल्यापेक्षा हुशार असतात.

कागदाचं थोडं. जन्मनोंदणी २१ दिवसांत होते पण त्यात नाव लगेच घालायलाच पाहिजे असं नाही, बारा महिन्यांत फी न भरता घालता येतं, तेव्हा बारशाच्या घाईत काहीतरी उरकू नका. पासपोर्टवर मधल्या नावाचा वेगळा रकाना नसतो, आडनाव सोडून सगळं एकाच ओळीत जातं, आणि खाली जी मशीनने वाचायची ओळ असते तिथे नावाला जागा फक्त ३९ अक्षरांची, त्यात मधल्या खुणाही आल्या. ज्ञानेश्वरी मधुलिका ज्ञानेश्वर सहस्रबुद्धे इंग्रजीत लिहून मोजलं तर ४९ होतात. चारही नावं घालणार असाल तर मोजून बघा.

आणि विदर्भ मराठवाड्याकडच्यांनो, बाबाचं नाव आधारवर सुरेश आणि टीसीवर सुरेशराव असलं तर मुलीच्या दाखल्यावर कुठलं घालायचं ते आधी ठरवा, राव एकदा चिकटला की प्रत्येक फॉर्मला अ‍ॅफिडेव्हिट मागतात. ज्ञ ला डीएनवाय की जीवाय, ई ला दोन ई की एक आय, हे पण कागदावर लिहून काउंटरवर द्या, तोंडी सांगू नका, आणि दाखला हातात आला की तिथेच उभं राहून चारही नावं वाचा.