स्पार्सची वॉर्निंग आली की लगेच कास्ट मारू नका

लिनक्स कर्नलमध्ये पहिला पॅच (कोडमधला बदल) पाठवायचा म्हटलं की बरेच जण स्पार्सच्या, म्हणजे कर्नलचा सी कोड न चालवता तपासणाऱ्या टूलच्या, वॉर्निंगपासून सुरुवात करतात, आणि सुरुवात म्हणून ती चांगलीच आहे, पण वॉर्निंग गप्प करणं सोपं आणि ती का आली हे शोधणं वेळखाऊ, म्हणून चुकीचे पॅचही इथेच जास्त जातात. माझंही तेच झालं होतं, एका ड्रायव्हरमध्ये फोर्स (इथे तपासू नको असं स्पार्सला सांगणारी खूण) लावून कास्ट टाकला, म्हणजे टाइप जबरदस्तीने बदलला, वॉर्निंग गेली, पॅच पाठवला आणि मेंटेनरने, म्हणजे तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्याने, एवढंच विचारलं की हा आकडा डिव्हाइसकडून आलाय की सीपीयूचा आहे? मला उत्तर देता येईना. तेव्हापासून मी कोड बदलायच्या आधी हा प्रश्न स्वतःलाच विचारते.

स्पार्स हे टूल लिनस टोरवाल्ड्सने 2003 साली लिहायला घेतलं. सी कंपायलरला सगळे पॉइंटर सारखेच, पण कर्नलमध्ये एक पॉइंटर यूजरच्या प्रोग्रॅमकडून आलेला असतो, एक हार्डवेअरच्या रजिस्टरचा असतो, एक आरसीयूने (लॉक न घेता वाचू देणारी कर्नलची सोय) जपलेला असतो, आणि यांची सरमिसळ झाली तर कंपायलर सहसा काही बोलत नाही. स्पार्स बोलतो.

डिस्ट्रोचं पॅकेज बऱ्याचदा जुनं असतं आणि नव्या कर्नलवर ते भलतेच एरर देतं, म्हणून गिटवरून घेऊन बिल्ड करा, मेक इन्स्टॉल केलं की ते तुमच्या होममधल्या बिन फोल्डरमध्ये बसतं, तेवढं पाथमध्ये आहे का बघा. मग कर्नलच्या फोल्डरमधून मेक सी=2 आणि पुढे ज्या फोल्डरचं काम करायचंय त्याचं नाव (टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत). नवीन माणूस सी=1 देतो आणि एकही वॉर्निंग दिसत नाही म्हणून खूश होतो. सी=1 फक्त त्या वेळी नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइली तपासतं, आधीच बिल्ड झालेल्यांना हात लावत नाही, सी=2 सगळ्या तपासतं. पहिलं आउटपुट एका फाइलमध्ये जपून ठेवा, शेवटी तुलनेला लागेल.

सगळ्यात सोपी वॉर्निंग म्हणजे अमुक सिम्बॉल डिक्लेअर केलेला नाही, स्टॅटिक (या फाइलपुरताच) हवा का. हो म्हणून स्टॅटिक लावून मोकळे होऊ नका, आधी ग्रेपने ते नाव सगळ्या कोडमध्ये शोधा. ते फंक्शन दुसऱ्या फाइलमधून वापरलं जात असेल तर बहुतेक त्याचं डिक्लेरेशन कुठल्यातरी हेडरमध्ये असतं आणि या फाइलने तो हेडरच घेतलेला नसतो, म्हणजे उपाय इन्क्लूडची एक ओळ. पॉइंटरच्या जागी साधा शून्य असेल तर नल लिहा, विषय संपला.

खरी मजा एंडियनमध्ये, म्हणजे आकड्याच्या बाइट्सच्या क्रमात आहे. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो, वीस नंतर, आणि इंग्रजीत उलटं, आकडा तोच पण क्रम वेगळा. बाइट्सचंही तसंच. एक्स86 लिटल एंडियन आहे (लहान किमतीचा बाइट आधी, बिग एंडियनमध्ये उलट), त्यामुळे लिटल एंडियन डिव्हाइसचा आकडा न बदलता वापरला तरी तुमच्या लॅपटॉपवर सगळं चालतं, आणि तोच ड्रायव्हर एस390 सारख्या बिग एंडियन मशीनवर भलतंच वाचतो.

समजा डिव्हाइसला जाणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये लेंथ हे फील्ड यू16 (16 बिटांचा साधा आकडा) आहे आणि कोड त्यात सीपीयू टू एलई16 केलेला, म्हणजे लिटल एंडियनमध्ये बदललेला आकडा भरतोय. स्पार्स म्हणतो असाइनमेंटमध्ये टाइप चुकीचा, बेस टाइप वेगळे. इथे कास्ट नको, स्ट्रक्चरमधलं फील्डच डबल अंडरस्कोरवालं एलई16 करा. आणि मग पुन्हा चालवा, वॉर्निंग कमी व्हायच्या ऐवजी वाढतील, घाबरू नका, कारण आता जिथे जिथे ते फील्ड बदलून न घेता वाचलंय, कशाशी तरी तुलना केलीय किंवा त्यात बेरीज केलीय तिथे तिथे स्पार्स बोट ठेवतोय, आणि त्यातल्या एखाद्या जागी खरा बग निघू शकतो. प्रत्येक जागी थांबा. फ्लॅग तपासायचा असेल तर फील्डचे बाइट उलटवण्यापेक्षा कॉन्स्टंटचे उलटवा, ते काम कंपाइल होतानाच उरकतं.

आणखी एक फसवी जागा: रीडएलने (डिव्हाइसचं रजिस्टर वाचणारं फंक्शन) वाचलेल्या आकड्यावर परत एलई32 टू सीपीयू लावलेलं असतं. रीडएल स्वतःच लिटल एंडियनमधून बदलून देतं, म्हणजे बिग एंडियनवर आकडा दोनदा उलटतो. इथे बदल म्हणजे नुसतं ते जादा फंक्शन काढणं.

अॅड्रेस स्पेस वेगळी असल्याची वॉर्निंग आली तर पॉइंटर कुठून आला ते मागे मागे जाऊन बघा. आयओरीमॅपकडून (डिव्हाइसची रजिस्टर कर्नलच्या पत्त्यांवर आणून देणारं फंक्शन) आलेला असेल तर स्ट्रक्चरमधल्या मेंबरला आयओमेम ही खूण लावा आणि वाचायला रीडएल, लिहायला राइटएल. यूजरकडून आलेला असेल आणि कोड तो थेट वाचत असेल तर ते सुरक्षेला पडलेलं खिंडारच आहे, कॉपी फ्रॉम यूजर वापरा, आणि लक्षात ठेवा की ते एरर कोड देत नाही, किती बाइट कॉपी व्हायचे राहिले ते सांगतं, म्हणून शून्य नसेल तर आपण मायनस ईफॉल्ट परत करायचा.

लॉकच्या कॉन्टेक्स्टची वॉर्निंग (लॉक घेणं आणि सोडणं जुळत नाही अशी) पहिल्या पॅचला घेऊ नका. घेतलीच तर प्रत्येक एरर रिटर्नच्या वाटेवर अनलॉक होतंय का ते बोटाने ओळ धरून तपासा.

फोर्स कधीच वापरू नये असं नाही, बाइट्स बदलणाऱ्या खालच्या थरातल्या फंक्शनमध्ये तो लागतोच, पण ड्रायव्हरमध्ये लावावासा वाटला तर आधी टाइप कुठे चुकला ते शोधा.

नुसते टाइप बदलले असतील तर आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल ऑब्जडम्पने डिसअसेंबल करून डिफ करा, एक्स86 वर इन्स्ट्रक्शन तेच यायला हवेत. आले तर कमिट मेसेजमध्ये लिहा की वागणूक बदललेली नाही. खरा बग सापडला असेल तर त्याचा पॅच वेगळा करा, फिक्सेस टॅग (बग कुठल्या कमिटने आणला ते सांगणारी ओळ) लावा, आणि बिग एंडियन मशीनवर चालवून बघितलं नसेल तर तेही सरळ लिहा. वॉर्निंगची मूळ ओळ मेसेजमध्ये जशीच्या तशी टाका, मग चेकपॅच (पॅचची शैली तपासणारी स्क्रिप्ट) चालवा, पॅच कुणाला पाठवायचा ती नावं गेट मेंटेनर स्क्रिप्टने काढा आणि पाठवा. उत्तर यायला आठवडा दोन आठवडे लागू शकतात, तोवर त्याच ड्रायव्हरची पुढची वॉर्निंग उघडा.