अनोळखी माणसाबद्दल मत बनवताना या चुका टाळा

चेहऱ्यावरून निकाल देणं

अनोळखी माणसाबद्दल मत बनवायला आपल्याला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. २००६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी लोकांना अनोळखी चेहरे क्षणभर दाखवून विचारलं, हा माणूस विश्वासू वाटतो का? ज्यांना जास्त वेळ दिला, त्यांचीही मतं फारशी वेगळी निघाली नाहीत. स्वतःच्या मताची खात्री मात्र वाढली. म्हणजे भुसावळ जंक्शनवर शेजारच्या प्रवाशाकडे तासभर चोरून बघितलं, तरी तो जास्त कळणार नाही. त्यापेक्षा "कुठं निघाले भाऊ?" एवढं विचारावं.

वागण्यावरून स्वभाव ठरवणं

रावेर-सावद्याकडे केळीच्या कापणीच्या दिवशी बाहेरगावचा व्यापारी बांधावर उभा असतो. कानाला फोन, चहा पुढे केला तर हातानेच नको म्हणतो, कोणाकडे धड बघत नाही. शेतकरी म्हणतो, "माज आहे याला." तिकडे त्याची आधीची गाडी रस्त्यात बंद पडलेली असते आणि उन्हात माल पिकत चाललेला असतो. आपल्याला चहा नाकारलेला दिसतो, फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. हेच आपल्या हातून झालं असतं तर आपण लगेच म्हणालो असतो, "अहो, गाडी अडकली होती." स्वतःला परिस्थितीची सूट द्यायची आणि परक्याचा थेट स्वभाव काढायचा, ही सगळ्यात जुनी खोड आहे.

परिस्थितीचा जोर किती असतो? १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाटेत कण्हणारा माणूस बसवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले, खूप घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. सगळे एकाच शिक्षणसंस्थेतले. फरक उशीर झाल्याचा होता.

नजर चुकवली म्हणजे लपवतोय, असं समजणं

खोटं बोलणारा आपल्याला ओळखू येतो, असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. २००६ मध्ये अशा असंख्य प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर निघाला. नाणं उडवून ठरवलं तरी साधारण तेवढंच हाती लागलं असतं. धडगावकडून नंदुरबारच्या दवाखान्यात आलेली पावरा बाई खाली बघून गप्प राहते. खिडकीवरच्याला वाटतं, ही मुद्दाम सांगत नाही. तिची बोली पावरी, प्रश्न भरभर मराठीत, आणि मागे रांग. तिच्या बोलीतलं कोणी शेजारी उभं केलं, प्रश्न एकेक करून विचारले, की तीच बाई सगळं सांगते.

भीतीलाच पुरावा मानणं

वरच्या चुकांत मन दुखावतं. या चुकीत माणसं मरतात, आणि ती आपल्या धुळे जिल्ह्यात मेली आहेत.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसं. त्या दिवसांत मोबाइलवर 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' असे मेसेज फिरत होते. त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलत होता, अशी कुजबुज झाली आणि जमाव अंगावर आला. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्या पाचही जणांना मारून टाकलं.

लेकराच्या काळजीत काही चूक नव्हती. पण मेसेजमधली टोळी आणि समोरची पाच माणसं यांच्यात काडीचाही संबंध आहे का, हे कोणी तपासलं नाही. परकी बोली, परका पेहराव, एवढ्यावर गोष्ट पूर्ण झाली. भटक्यांच्या बाबतीत ती लवकर पूर्ण होते, कारण १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी त्यांतल्या कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. गावात पाल पडलं की चोरी त्यांनीच केली, हे म्हणणं मी आजही ऐकतो आणि मला त्याची चीड येते.

संशय आलाच तर

मेसेज आला तर तीन गोष्टी विचारा: कोणतं गाव, कोणाचं मूल, कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद? उत्तर नसेल तर तो पुढे पाठवू नका. समोरच्याला एकट्याने, शांतपणे विचारा, कुठून आलात, कोणाकडे आलात. दहा जणांनी घेरून विचारलं तर खरा माणूसही अडखळतो. पोलीस पाटलांना बोलवा, ११२ ला फोन करा. व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकू नका, त्याने गर्दी दुप्पट होते. आणि गर्दी जमलीच, तर पोलीस येईपर्यंत गावातल्या चार जाणत्या माणसांना त्या परक्याच्या भोवती उभं करा.