इशापूरची बदललेली ली-एनफील्ड ओळखताना या चुका टाळा

ली-एनफील्ड ही जुनी ब्रिटिश लष्करी रायफल, आणि इशापूर म्हणजे बंगालमधला सरकारी रायफल कारखाना. सुरुवातीला बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता भाग) मागे ओढा, मॅगझीन काढा आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून ती रिकामी असल्याची खात्री करा. भारतात .३०३ हा (म्हणजे या रायफलीच्या नळीचं इंचातलं माप) निषिद्ध बोअर आहे, त्यामुळे कागदपत्रं नसतील तर ओळख पटवण्याआधी त्यांचा प्रश्न सोडवावा लागेल.

सगळ्यात जास्त फसवतं ते साल. बोल्टच्या दांड्याखाली, दस्त्याला जोडणाऱ्या लोखंडी गळ्यावर उजव्या बाजूला मुकुट, कारखाना, साल आणि मॉडेल असतं. ते वाचलं की लोक मोकळे होतात. पण ते साल फक्त त्या सांगाड्याचं, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य लोखंडी भागाचं. नळी, लाकूड, बोल्ट पुढे कितीदा बदलले, हे गळा सांगत नाही. 'एफआर' म्हणजे कारखान्यात दुरुस्त झालेली. त्याच्याजवळचे आकडे दुरुस्तीच्या सालाचे.

मग नंबर जुळवा: सांगाड्याचा पुढचा भाग, नळीचं मागचं टोक, बोल्टच्या दांड्याची मागची बाजू, पुढची टोपी आणि नेम धरायच्या मागच्या साइटच्या पट्टीची खालची बाजू. जुना नंबर रेघ मारून खोडलेला आणि शेजारी नवा असेल तर ती बनवाबनवी समजू नका. सरकारी शस्त्रागारांत हे सर्रास चालायचं.

मुकुटाखाली 'जीआर' (राजा जॉर्जची आद्याक्षरं) असेल तर इंग्लंड, 'जीआरआय' असेल तर इशापूर, हा आडाखा बहुधा चालतो. शेवटचा 'आय' इंपरेटरचा, म्हणजे सम्राटाचा. प्रजासत्ताकानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर माल सरकारी सेवेतून विकला गेलाय. आणि आखूड ली-एनफील्डवर 'व्हीआर' दिसलं तर हसून बाजूला ठेवा: राणी व्हिक्टोरिया १९०१ साली वारली, हे मॉडेल त्यानंतरचं. खैबरकडच्या गावठी नकलांत असे शिक्के आणि उलटे कोरलेले इंग्रजी 'एन' हमखास सापडतात.

पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू पाहून 'कुणीतरी घरी जोडलंय' म्हणू नका. लाकूड फाटू नये म्हणून इशापूरमध्येच तो बसवत. तसंच पुढच्या लाकडाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर तीही दुरुस्ती नव्हे. ग्रेनेड फेकण्यासाठीची मजबुती. 'डीपी' मात्र गंभीर. ती कवायतीची, कधीही उडवू नये.

खरी गोची .४१० मस्केटची. पोलीस आणि तुरुंग रक्षकांसाठी इशापूरने .३०३ रायफलींचंच हे रूप केलं: नळी गुळगुळीत, मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा, एका वेळी एकच बार. गळ्यावर मात्र अनेकदा जुन्याच कारखान्याचं नाव राहतं, म्हणून बाहेरून ती लष्करी रायफलच वाटते. नळीत उजेड टाकून पाहा. पाच खाचांचा पीळ दिसला तर .३०३, गुळगुळीत दिसली आणि तोंड सुमारे १०.४ मिमी भरलं तर मस्केट. तिचं काडतूस म्हणजे .३०३चंच पितळी कवच, मान न आवळता सरळ ठेवलेलं. म्हणून बाजारातलं .४१०चं शॉटगन काडतूस मूळ चेंबरमध्ये बसत नाही: त्याचं बूड सुमारे १२.१ मिमी, तर .३०३चं ११.७. बसलंच, तर परदेशात कुणीतरी चेंबर मोठं केलंय. हा आणखी एक बदल नोंदवा. उलट .३०३चं काडतूस या चेंबरमध्ये आत जाऊ शकतं, आणि ते फार धोक्याचं आहे.

'२ए' किंवा '२ए१' लिहिलेली ७.६२ मिमीची रायफल ही .३०३ कापून केलेली नाही. १९६०च्या दशकापासून ती नवीच बनवली गेली. चौकोनी मॅगझीन लगेच ओळखू येतं.

शिक्के वाचायला पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावलात तर पुरावाच घासून जाईल. थोडं पातळ तेल, लाकडी काडी, मग एका बाजूने तिरपा टॉर्च. तरीही अंधुक दिसलं तर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलक्या हाताने फिरवा. लाकडालाही सँडपेपर नको. दस्त्यावरचे ठसे आधी तिथेच नाहीसे होतात.