सेव्हिया ते सालामांका: स्पेनच्या जुन्या रोमन वाटेवर सायकलने कसं जावं

सेव्हियाहून उत्तरेकडे सालामांकाला जाणारा एन-६३० हा रस्ता आज बराचसा मोकळा असतो. शेजारून ए-६६ हा चौपदरी महामार्ग झाला आणि ट्रक, बस, घाईतल्या गाड्या सगळ्या तिकडे गेल्या. मागे उरला तो गावागावांतून जाणारा, चांगल्या डांबराचा दुपदरी रस्ता. त्याच्याच आजूबाजूने विया दे ला प्लाता ही पायवाट जाते. मेरिदा आणि आस्तोर्गा ही शहरं जोडणारा रोमन रस्ता हा तिचा मूळ गाभा. पुढे सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राला निघालेले यात्रेकरू हीच वाट धरू लागले. मेंढ्यांचे कळप ऋतूप्रमाणे उत्तर-दक्षिण नेणारे मेंढपाळही याच पट्ट्यातून जात. आपले धनगर पावसाळा सरला की देशावरून कोकणात उतरतात, तसंच ते स्थलांतर.

ग्रामीण स्पेन सायकलवरून पाहायचा असेल आणि पहिलीच खेप असेल, तर मी हाच मार्ग सुचवेन. अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. रोज पन्नास-साठ किलोमीटर सायकल चालवण्याची सवय असलेल्या कुणालाही तो दोन आठवड्यांत आरामात होतो. फक्त आखणी करताना किलोमीटरचा हिशेब आधी मांडू नका. या मुलखात दिवस कसा जाईल ते पाणी, सावली आणि जेवणाच्या वेळा ठरवतात.

आधी महिना ठरवा

एप्रिल-मे, नाहीतर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये वाटेवरच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतात पारा चाळिशी ओलांडतो. आपल्याला उन्हाची सवय आहे, या भरवशावर राहू नका. तिथल्या माळावर मैलोन्‌मैल दुकान नाही, टपरी नाही, रस्त्याकडेला झाडाची सावलीही नाही. वसंतात तोच माळ हिरवागार असतो, रानफुलांनी भरलेला असतो आणि चर्चच्या प्रत्येक मनोऱ्यावर करकोच्यांची घरटी गजबजलेली असतात.

तारखा धरताना सणांवर लक्ष ठेवा. ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात सेव्हियात खोली मिळणं मुश्किल असतं, त्यानंतर तिथली एप्रिलची जत्राही तशीच. सप्टेंबरअखेर साफ्रा गावात गुरांची मोठी जत्रा भरते, तेव्हा तिथेही जागा नसते.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळी सुट्ट्यांत अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. तो घेताना सायकल प्रवासातली दुखापत त्यात धरली आहे का, हे अटींमध्ये स्वतः वाचून पाहा. रोजच्या मुक्कामाची यादी आणि आरक्षणं अर्जासोबत जोडायची असतात, त्यामुळे रद्द करता येतील अशाच खोल्या घ्या. प्रत्यक्ष वाटेत बेत बदलतोच.

सायकल: न्यायची की तिथे घ्यायची?

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला तिथेच भाड्याने घ्या. सेव्हियात सायकल ताब्यात घेऊन दुसऱ्या शहरात परत करता येईल अशी सोय देणारे व्यावसायिक या मार्गावर आहेत, कारण सान्तियागोच्या यात्रेकरूंना हेच हवं असतं. स्वतःची सायकल विमानाने नेली तर खोक्यात भरणं, विमान कंपनीचे वजनाचे नियम आणि परतीला नवं खोकं शोधणं हे सगळं अंगावर येतं.

मागताना उंचीप्रमाणे फ्रेमचा साइज कळवा आणि तीन गोष्टींचा आग्रह धरा: टायर ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद, चढासाठी खूप हलका गिअर आणि पॅनिअर म्हणजे चाकाच्या बाजूला टांगायच्या पिशव्या लावायला मजबूत कॅरिअर. सामान दहा किलोच्या आत बसवा. पाठीवर सॅक घेऊ नका. उन्हात पाठ आधी थकते, पाय नंतर.

सुट्या भागांत दोन ट्यूब, पंक्चर किट, चेनची जोडकडी आणि ब्रेक पॅड पुरेत. पंक्चर मात्र गृहीत धरा. आपल्याकडचा सराटा तिकडेही उगवतो आणि उन्हाळ्याअखेर त्याचे काटे मातीच्या वाटांवर पसरलेले असतात. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव भरून मिळत असेल, तर नक्की घ्या.

नियम नीट पाळा

गावाबाहेर सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचं आहे. अंधारात किंवा कमी उजेडात पुढे-मागे दिवा आणि परावर्तक जाकीट लागतं. ओलांडून जाणाऱ्या गाडीने तुमच्यापासून किमान दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि तिथले बहुतेक चालक ते ठेवतात. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. आणीबाणीत ११२ लावा.

दिवे सामानाच्या तळाशी टाकू नका, याला एक खास कारण आहे. स्पेनचं घड्याळ मध्य युरोपाच्या वेळेवर चालतं आणि हा मुलूख देशाच्या पश्चिम टोकाला आहे. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य जवळपास साडेआठला उगवतो. पुण्याच्या सवयीने पहाटे साडेपाचला निघालात, तर तीन तास अंधारात जातील. उलट मे महिन्यात रात्री नऊलाही चांगला उजेड असतो.

दिवसाची घडी तिथल्या वेळांवर बसवा

हे जमलं की बाकी सगळं सोपं होतं. सकाळी बारमध्ये दूधवाली कॉफी आणि किसलेला टोमॅटो व ऑलिव्ह तेल घातलेला भाजलेला पाव खा. इथला बार म्हणजे गावाचं चहाचं दुकान, वाचनालय आणि चावडी, सगळं एकत्र. मग उन्हं चढायच्या आत दिवसाचं बहुतेक अंतर संपवा. दुपारी दोन ते चार ही जेवणाची वेळ. ‘मेनू देल दिया’ मागितला की दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी फळ किंवा गोड असं भरपेट जेवण साधारण १२ ते १६ युरोंत मिळतं. दोनपासून पाचपर्यंत लहान गावांतली दुकानं बंद असतात, रविवारी तर दिवसभर. रात्रीचं जेवण नऊच्या आधी क्वचितच मिळतं. म्हणून दुसऱ्या दिवसाची फळं, चीज, पाव संध्याकाळीच घेऊन ठेवा, आणि रविवारची शनिवारी.

शाकाहारी मंडळींनी घाबरून बेत सोडू नये, पण बोलून खात्री करावी. ‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर ताटात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे किंवा ट्यूना मासा येऊ शकतो. म्हणून सरळ म्हणा: सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून. बटाट्याचं जाड ऑम्लेट, गाझपाचो हे टोमॅटोचं थंड सूप, भाजलेल्या मिरच्या आणि सेव्हियाची पालक-चण्याची भाजी हे भरवशाचे पदार्थ. त्या भाजीत जिरं असतं, पहिल्याच घासाला ओळख पटते. कासेरेसजवळच्या कासार गावचं तोर्ता देल कासार हे मेंढीच्या दुधाचं चीजही चुकवू नका. ते एका काटेरी रानझुडपाच्या फुलांनी विरजतात, प्राण्यांच्या जठरातून काढलेल्या रेनेटने नाही. युरोपात चीज खाताना अनेक शाकाहाऱ्यांना पडणारा प्रश्न इथे पडत नाही.

आता प्रत्यक्ष मार्ग

सेव्हियातून बाहेर पडताना घाई करू नका. शहरापासून थोड्याच अंतरावर सान्तिपोन्से गावात इतालिका या रोमन शहराचे अवशेष आहेत. रोमन सेनापती स्किपिओने इ.स.पू. २०६ मध्ये ते वसवलं, आणि सम्राट त्राजान इथलाच. भव्य अॅम्फिथिएटर आणि जमिनीवरची मोझाइक पाहून पहिल्या दिवशी कास्तिलब्लांकोपर्यंतच जा. चाळीसएक किलोमीटर पुरे, कारण शेवट चढाचा आहे.

दुसरा दिवस या मार्गाचा खरा दरवाजा. आल्मादेन दे ला प्लाता गावापर्यंत सुमारे तीस किलोमीटर मधे एकही गाव लागत नाही. तीन लिटर पाणी घेऊनच निघा. पायवाट शेवटी फार खडी होते, सामान असलेल्या सायकलने डांबरी रस्ताच धरावा. इथून देएसा सुरू होतो: ओक आणि बुचाच्या झाडांची विरळ राई, खाली गवत, त्यात चरणारी काळी डुकरं आणि गुरं. बुचाची साल दर नऊ-दहा वर्षांनी सोलतात, त्यामुळे खोड खाली लालसर आणि वर करडं दिसतं. ही राई जंगलासारखी दिसली, तरी शेकडो वर्षं माणसाने छाटत, चारत जपलेली आहे. वाटेत गुरांची फाटकं लागतील. जशी बंद होती तशी मागे बंद करा, हे विसरू नये. कळपाजवळ मोठी राखणदार कुत्री असतील, तर सायकलवरून उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे ठेवा आणि शांतपणे चालत पुढे जा. सायकल पळवली की कुत्री मागे लागतात.

मुक्काम मोनेस्तेरियोला. पुढच्या दिवशी चित्रकार सुर्बारानचं जन्मगाव फुएन्ते दे कान्तोस मागे टाकत साफ्राला पोहोचा. एकमेकींना जोडलेल्या मोठ्या आणि छोट्या अशा दोन चौकांत संध्याकाळ मजेत जाते. त्यापुढचा पट्टा द्राक्षमळ्यांचा आणि तांबड्या चिकणमातीचा. पाऊस पडला असेल तर मातीच्या वाटेला जाऊच नका. चिखल मडगार्डमध्ये भरतो आणि चाक फिरेनासं होतं. एन-६३० शेजारीच आहे.

मेरिदात एक दिवस पूर्ण थांबा. ग्वादियाना नदीवरचा रोमन पूल पाऊण किलोमीटरहून लांब आहे आणि तो आता वाहनांना बंद आहे. त्यावरून सायकल हातात धरून शहरात शिरा. इ.स.पू. २५ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी हे शहर वसवलं गेलं. रोमन नाट्यगृहात आजही उन्हाळ्यात नाटकं होतात. १९८६ साली उघडलेलं रोमन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय वास्तुकार राफाएल मोनेओचं. त्याच्या विटांच्या उंच कमानींत दुपारचं ऊन कसं सरकतं ते पाहायला वेळ द्या. सकाळी निघताना लॉस मिलाग्रोस या रोमन जलसेतूच्या बाजूने जा. त्याच्या उभ्या खांबांवर करकोच्यांचे संसार आहेत.

कासेरेस मेरिदाहून सत्तर किलोमीटरवर. तटबंदीच्या आतलं शहर १९८६ पासून जागतिक वारसा आहे. पंधराव्या शतकात इथले सरदार आपसांत इतके भांडत, की राणी इसाबेलने त्यांचे बुरूज छाटायला लावले. एकच उंच बुरूज तसाच राखला गेला, आजही तो ओळखता येतो. गल्ल्या दगडी आणि उताराच्या आहेत, सायकल मुक्कामी ठेवून पायी फिरा. शक्यतो रात्री जेवणानंतर, गर्दी ओसरल्यावर.

कासेरेसपुढे आल्कान्तारा जलाशयाचा पट्टा उघडा आणि कोरडा आहे. कासार ते कान्यावेराल तीसेक किलोमीटर पाण्याचा भरवसा नाही. तो टप्पा सकाळीच उरका आणि कान्यावेरालला थांबा. दुसऱ्या दिवशी प्लासेन्सिया.

प्लासेन्सियापासून रस्ता सोडून विया वेर्दे धरा. ही जुनी रेल्वेची वाट. १९८५ साली इथल्या प्रवासी गाड्या बंद झाल्या, रूळ निघाले आणि पुढे तिथे सायकलींसाठी मार्ग झाला. रेल्वेचा असल्यामुळे चढ अगदी मंद आहे. वेळ असेल तर पश्चिमेला आत वळून कापाराची चार तोंडांची रोमन कमान पाहा, ओसाड शहराच्या चौकात ती अजून उभी आहे. मुक्काम एर्वासला करा. जुन्या यहुदी वस्तीतली माती आणि चेस्टनटच्या लाकडाची घरं आणि खालून वाहणारी नदी पाहता एक रात्र कमीच वाटते.

मग खरा चढ. बेहार ओलांडून वायेहेरा खिंड सुमारे १,२०० मीटरवर आहे. मे महिन्यातही वर गार वारा असतो, विंडचीटर वरच ठेवा. गिहुएलोला मुक्काम, आणि पुढचे पन्नास किलोमीटर पठारावरून सालामांका. १२१८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ आणि सोनेरी दगडाचा प्लासा मायोर हा मुख्य चौक यासाठी निदान एक दिवस राखा.

मुक्काम आणि परतीची गाडी

यात्रेकरूंच्या धर्मशाळांना आल्बेर्गे म्हणतात. तिथे यात्रेकरूचं ओळखपुस्तक लागतं, ते सेव्हियात मिळतं. काही ठिकाणी चालत आलेल्यांना आधी जागा देतात, सायकलवाल्यांना नंतर. त्यामुळे लहान गावांत आदल्या दिवशी फोन करून ‘ओस्ताल’ म्हणजे साधं लॉज ठरवा आणि सायकल आत ठेवायला जागा आहे का ते विचारा. पासपोर्ट प्रत्येक ठिकाणी दाखवावा लागतो. उघड्यावर तंबू ठोकायला बहुतेक भागांत बंदी आहे.

सालामांकाहून माद्रिदला रेल्वे आहे. मध्यम अंतराच्या गाड्यांत सायकलींना मोजक्याच जागा असतात, म्हणून तिकिटासोबतच सायकलचं आरक्षण करा. वेगवान गाड्यांत ती घडी घालून किंवा पिशवीत बांधूनच न्यावी लागते. भाड्याची सायकल सालामांकालाच परत केलीत तर हा प्रश्नच नाही. आणि अंगात दम असेल, चार-पाच दिवस हाताशी असतील, तर उत्तरेला सामोरा सुमारे पासष्ट किलोमीटरवर आहे, तिथून वाट आस्तोर्गाकडे जाते. सान्तियागोची यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र हवं असणाऱ्या सायकलस्वाराला शेवटचे किमान २०० किलोमीटर सायकलने करून ओळखपुस्तकावर वाटेतले शिक्के घ्यावे लागतात. तसा विचार असेल तर पहिला शिक्का सेव्हियातच मारून घ्या.