गाडीला जुळणारा स्कॅनर कसा निवडावा

स्कॅनर म्हणजे गाडीतल्या संगणकांनी नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. त्याच्या खोक्यावर ‘सर्व गाड्यांना चालतो’ असं छापलेलं असतं, ते खोटं नसतं, पण अपुरं असतं. तो स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनाचे सर्वसाधारण कोड वाचतो आणि पुसतो, बस. चेक इंजिनचा दिवा कशाने लागला एवढंच बघायचं असेल तर तोच घ्या, उगाच महागात जाऊ नका. एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्सपर्यंत पोचायचं असेल तर पुढचं वाचा.

आधी स्टिअरिंगखालचं १६ पिनांचं सॉकेट बघा. ओबीडी-२, म्हणजे स्कॅनरने गाडीशी बोलायची सर्वमान्य पद्धत, अमेरिकेत १९९६ पासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ आणि डिझेलला २००४ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत सॉकेट तसंच दिसलं तरी आतली भाषा कंपनीची असू शकते.

मग कामं कागदावर लिहून काढा: इलेक्ट्रिक हँडब्रेकची मोटर मागे घेणं, एबीएस ब्लीड करणं (ब्रेकच्या तेलातली हवा काढणं), डीपीएफ रिजनरेशन (डिझेलच्या धुराच्या गाळणीतली काजळी जाळणं), इंजेक्टर कोडिंग (नव्या इंजेक्टरचा क्रमांक गाडीत नोंदवणं), नवी बॅटरी गाडीच्या संगणकात रजिस्टर करणं. यातलं जे कधीच करणार नाही ते खोडा.

आता खरी मेख. कव्हरेजच्या यादीत कंपनीचं नाव दिसलं की लोक पैसे मोजून मोकळे होतात. यादी कंपनीवरून नाही, मॉडेल, मॉडेलचं वर्ष, इंजिन कोड (इंजिनाच्या प्रकाराची खूण), मॉड्यूल (एबीएस, एअरबॅग अशा एकेका भागाचा संगणक) आणि काम या पाचही गोष्टींवरून तपासायची. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन इंजिनं असतात आणि त्यांचे ईसीयू (इंजिन सांभाळणारे संगणक) वेगवेगळ्या उत्पादकांचे असू शकतात. एकाशी स्कॅनर पूर्ण बोलतो, दुसऱ्याशी जेमतेम. ‘एबीएस’पुढची बरोबरची खूणही फसवी असते. कोड वाचता येतात एवढाच तिचा अर्थ असू शकतो, पंप चालवून ब्लीड करता येईल असा नाही. विक्रेत्याला ‘माझ्या गाडीला चालेल का’ असं विचारू नका, ‘हो’च ऐकायला मिळेल. नेमकं काम सांगा आणि त्या मेनूचा स्क्रीनशॉट मागा.

दुसरी अडचण पिनांची. ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मुख्य कॅन बस, म्हणजे मॉड्यूलांना एकमेकांशी जोडणारी तारांची जोडी, असते. बऱ्याच फोर्ड गाड्यांत काही मॉड्यूल ३ आणि ११ वरच्या वेगळ्या बसवर बसतात. साध्या अडॅप्टरला, म्हणजे सॉकेट फोन किंवा लॅपटॉपशी जोडणाऱ्या यंत्राला, ती दिसतच नाहीत आणि माणूस मॉड्यूल बिघडलं समजून बसतो. फोर्ड गाड्यांसाठीचं फोर्स्कॅन सॉफ्टवेअर वापरणार असाल तर दोन्ही बस पकडणारा अडॅप्टर घ्या. फियाटच्या बऱ्याच गाड्यांना मल्टीईसीयूस्कॅन सॉफ्टवेअरसोबत रंगीत जोड-केबली लागतात, त्याचं कारणही हेच. शिवाय २०१८ च्या सुमारापासून फियाट-क्रायस्लरच्या बऱ्याच गाड्यांत सिक्युरिटी गेटवे, म्हणजे बाहेरच्या यंत्राला अडवणारं कुलूप, आहे. कोड वाचता येतात, पण अधिकृत अनलॉक नसेल तर पुसणं आणि चाचण्या अडतात.

घरात एकाच कंपनीची गाडी असेल तर त्या कंपनीपुरतं बनवलेलं सॉफ्टवेअरच घ्या: फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडाला व्हीसीडीएस, फोर्डला फोर्स्कॅन. मल्टीब्रँड यंत्र थोडं थोडं सगळ्यांचं करतं. ‘पी१’ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापला ठरवते, आणि स्वस्त स्कॅनर त्यापुढे बिनदिक्कत दुसऱ्याच कंपनीचं वर्णन छापतो. त्यावर विसंबून सेन्सर बदलू नका.

ईएलएम३२७ चिपच्या अडॅप्टरवर ‘१.५’ आवृत्ती लिहिली असेल तर तो नक्कलच समजा, मूळ कंपनीने त्या चिपची ती आवृत्ती काढलीच नाही. आयफोनला जुनं ब्लूटूथ चालत नाही, लो एनर्जी ब्लूटूथ किंवा वायफाय बघा. अपडेट किती वर्षं मिळणार आणि त्यानंतर यंत्र चालू राहणार की बंद पडणार, हे आधीच विचारा.

आणल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत इग्निशन चालू करून पूर्ण स्कॅन घ्या आणि गाडीत बसवलेली मॉड्यूलं यादीत आहेत का ते बघा. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (बिघाड झाला त्या क्षणाच्या नोंदींचा) फोटो काढा, कारण पुसताना तीही जाते आणि रेडिनेस तपासण्या (गाडी स्वतःच्या प्रदूषण-यंत्रणेच्या करते त्या) शून्यावर येतात. बॅटरी उतरलेली असेल तर ‘यू’ने सुरू होणारे खोटे कोड दिसू शकतात. अशा वेळी चार्जर लावून पुन्हा स्कॅन करा, मगच स्कॅनरला दोष द्या.