रविवारी पाणवठा भरायला येणाऱ्यांसाठी

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यात माझं मोटार भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीचं वायंडिंग नव्यानं करायचं, दुकान आहे. उन्हाळ्यात बोअरच्या मोटारी जळतात, म्हणजे तोच आमचा सीझन. तरी मार्चपासून पाऊस पडेपर्यंत रविवारी सकाळी दुकानाचं शटर खालीच असतं, कारण आम्ही आठजण नायगावच्या मयूर अभयारण्यात पाणवठे भरायला जातो. 1994 साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे 30 चौरस किलोमीटरचं आहे. "आम्हालाही यायचंय, काय करावं लागतं?" असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी परवानगी. अभयारण्यात मनाला येईल तेव्हा घुसता येत नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करा, त्यात नावं, गाडी नंबर आणि वेळ लिहा. वनरक्षक म्हणेल तोच पाणवठा आपला.

पाणवठ्याचा आकार बशीसारखाच हवा. पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला, प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून जमिनीत पुरला. पुढच्या रविवारी त्यात खार मरून तरंगत होती. कड गुळगुळीत, तिला वर चढताच आलं नाही. तेव्हापासून उतरता काठ असलेली सिमेंटची बशीच. सहा-साडेसहा फूट रुंद आणि मधोमध फूटभर खोल बशीत तीनशे लिटर पाणी बसतं, म्हणजे 15 लिटरचे वीस कॅन. मध्ये दोन-तीन खडबडीत दगड ठेवा आणि एखादी वाळकी फांदी आडवी टाका, मधमाश्या तिच्यावर बसून पाणी पितात. बशी नवी असेल तर दोन-तीनदा भरून ओतून द्या. सिमेंटचं पहिलं पाणी चुन्याचं असतं.

कॅन कुठला, हे नीट बघा. फवारणीच्या औषधाचा कॅन कितीही विसळलेला असला तरी तो घरीच ठेवा. कापसाच्या गावांत असे कॅन दारोदार पडलेले असतात आणि घाईत तेच हाताला लागतात. मी झाकण उघडून वास घेतल्याशिवाय एकही गाडीत चढवू देत नाही. पोरं हसतात, हसू देत.

पहाटे आणि उन्हं उतरल्यावर मोर पाण्यावर येतात, म्हणून आम्ही नऊ ते साडेदहाच्या मध्येच पोचतो. गेल्या गेल्या झाडू हातात घ्यायचा नाही. आधी काठचा चिखल वाचायचा. मोराची पुढं तीन बोटं आणि मागं एक टोचा उमटतो. कोल्ह्याच्या ठशात नखं दिसतात, रानमांजराच्या दिसत नाहीत. हे सगळं वहीत लिहून घ्या. मग गढूळ पाणी उपसून जवळच्या बोरी-बाभळीच्या बुडाला टाका आणि शेवाळ नारळाच्या काथ्याने घासा. साबण, ब्लीचिंग अजिबात नको.

झुडपांत तारेचा फास दिसला तर हात लावू नका. फोटो काढा, वनरक्षकाला बोलवा. तो पुरावा असतो. मेलेले पक्षी दिसले तरी तसंच, आणि त्या दिवशी ते पाणी जनावराला पिऊ द्यायचं नाही. वनविभागाचा 1926 हा नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

एवढं झालं की पाठ फिरवून निघायचं. फोटोसाठी थांबायचं नाही. एकदा मात्र आमची गाडीच चालू होईना, म्हणून लांब बसून राहिलो. अर्ध्या तासात एक लांडोर आली. चोच बुडवायची, मान वर करायची, घोट गिळायचा, चारी बाजूला बघायचं. एकेका घोटाला एवढा वेळ! मोटार भरणारा माणूस मी, गाडीची बॅटरी उतरली होती हे तिथं बसल्या बसल्या माझ्या लक्षातच आलं नाही.

येताना टोपी आणि आपलं पिण्याचं पाणी वेगळं आणा. पाणवठ्याच्या कॅनमधलं कुणी पीत नाही.